वॉर्ड सातचा कर्नल

आमच्या नगरपंचायतीच्या वॉर्ड क्रमांक सातला दर आठव्या दिवशी पाणी येतं. ही तक्रार नव्हे, वेळापत्रक आहे. गाव जळकोट आणि नायगावच्या दरम्यान कुठेतरी येतं. नाव मुद्दाम देत नाही, कारण नाव दिलं की मला खुलासा द्यावा लागेल आणि इतरांकडून खुलासे मागवणं हेच गेली एकोणीस वर्षं माझं काम आहे. मी तिथला वरिष्ठ लिपिक, आनंदराज. लोक भाऊसाहेब म्हणतात.

वॉर्ड सातमधलं सगळं आयुष्य या आठव्या दिवसाभोवती बसवलेलं आहे. वाकळा त्या दिवशी धुतात, पाहुण्यांना त्या दिवशी बोलावतात. लग्नाचा मुहूर्त काढताना स्वामी पंचांगाशेजारी पाणीपुरवठ्याचं वेळापत्रक उघडून ठेवतात. ग्रह जुळले आणि नळ जुळला नाही, तर तो मुहूर्त सातमध्ये कुणी धरत नाही. दिवससुद्धा पाण्यात मोजतात. लग्न दोन पाण्यांवर आलं म्हटलं की सगळ्यांना बरोबर कळतं.

हे पाणी सोडायचा गुरुबसप्पा. कागदावर त्याचं पद व्हॉल्व्हमन. बाकीच्या वॉर्डांचे व्हॉल्व्ह चाकाचे आहेत, सातचा जुना, चौकोनी तोंडाचा. त्याला कमरेइतकी उंच लोखंडी चावी लागायची. सव्वीस वर्षं गुरुबसप्पाने ती चावी लावून अकरा आटे उघडले आणि तासाभराने अकरा आटे मिटले. तो राहतोही सातमध्येच. त्याच्या धाकट्या मुलीचं, दामिनीचं, लग्न यंदा ठरलं आणि मुहूर्त अर्थातच पाण्याच्या दिवसाचा निघाला.

त्याच सुमारास एका योजनेतून सातच्या व्हॉल्व्हवर एक पेटी आली. पेटीत छोटा संगणक, पेटीखाली मोटर, पेटीच्या तोंडावर हिरवा दिवा. कार्यालयात बसून कळ दाबायची आणि तिकडे व्हॉल्व्ह उघडायचा, अशी कल्पना होती. उद्घाटनाला मुख्याधिकारी साहेबांनी नारळ फोडला, कळ दाबली आणि वॉर्ड सातला धो धो पाणी आलं, कारण मंडपाच्या मागे गुरुबसप्पा चावी फिरवत होता. भाषणात साहेब म्हणाले, “मानवी हस्तक्षेपाचा काळ आता संपला.” मग त्यांनी मानवाच्या हातून चावी घेतली आणि तिला हार घातला. चावीचा सत्कार झाला, गुरुबसप्पाचा वेळेअभावी राहून गेला.

दुसऱ्या दिवशी मी ती चावी निर्लेखित केली, म्हणजे वापरातून कायमची बाद झाल्याची नोंद केली, आणि माझ्या ताब्यातल्या कपाटात ठेवून दिली. गुरुबसप्पाचं पद बदलून ‘दिवा निरीक्षक’ झालं. रोज सकाळी जाऊन पेटीचा दिवा पाहायचा आणि वहीत ‘हिरवा’ असं लिहायचं, सातपुरतं एवढंच काम. बाकीच्या वॉर्डांची चाकं तो पूर्वीसारखीच फिरवायचा.

पुढच्या पाण्याच्या दिवशी साहेबांनी कळ दाबली. दिवा हिरवाच होता. पाणी आलं नाही. लग्न तेव्हा तीन पाण्यांवर होतं.

पुरवठादाराने नांदेडहून एक इंजिनिअर पाठवली. नाव स्वप्नाली, वय पंचविशीच्या आत, पाठीला पिशवी. तिने पेटी उघडली, लॅपटॉप जोडला आणि वीस मिनिटांत मान वर केली.

“पेटी चांगली आहे, सर. मोटर मात्र दुसऱ्याच बनावटीची आली आहे. कर्नलला ती ओळखूच येऊन नाही राहिली.”

“कोण कर्नल?” साहेबांनी विचारलं.

“कर्नल म्हणजे आतल्या सिस्टीमचा गाभा. वरून हुकूम येतो, खाली लोखंड असतं. हुकूम लोखंडापर्यंत पोचवायचं काम कर्नलचं. पण आपल्याकडे लोखंड कोणतं आहे, ते त्याला आधी सांगावं लागतं. त्यासाठी हजारो प्रश्न असतात. हे हवं का, ते हवं का. उत्तरं द्यायची आणि त्याप्रमाणे कर्नल नव्याने बांधून घ्यायचा. ही युनिक्सच्या घराण्यातली सिस्टीम आहे, आपल्या मापाने बेतता येते. दोन तासांचं काम आहे.”

वरचा हुकूम खाली पोचवणारा, आणि खाली काय आहे ते कुणी सांगितल्याशिवाय न मानणारा, म्हणजे वरिष्ठ लिपिकच. कर्नलविषयी मला तेव्हापासून आपुलकी वाटू लागली.

साहेबांनी चष्मा काढला. “हजारो प्रश्नांची उत्तरं तुम्ही एकट्याच देणार?”

“आपल्या कामाचे त्यात तीस-चाळीस असतील. बाकीचे आहेत तसे ठेवायचे.”

“आहेत तसे ठेवायचे, ते कुणाच्या अधिकारात?”

स्वप्नालीने लॅपटॉप मिटला. कॉलेजात हा विषय नसावा. साहेबांनी तिला तिचं निरीक्षण लेखी द्यायला सांगितलं. तिने एका ओळीत लिहून दिलं, ‘कर्नल बदलावा लागेल, मोटरसाठी ड्रायव्हर नाही.’ ड्रायव्हर म्हणजे मोटर हाकणारा कर्नलमधलाच एक तुकडा, हे ती जाता जाता तोंडी सांगत होती. पण तोंडी गोष्टींची आवक नोंद होत नाही. ती नांदेडला परत गेली आणि तिची ओळ माझ्या टेबलावर आली.

मी ती काळजीपूर्वक वाचली. तिच्यात दोन स्वतंत्र बाबी होत्या. पहिली बाब कर्नल बदलण्याची. सैन्यातल्या अधिकाऱ्याची बदली करण्याचे अधिकार नगरपंचायतीला नाहीत, हे मला माहीत होतं. म्हणून माजी सैनिकांचं काम पाहणाऱ्या एका कार्यालयाला मी पत्र पाठवलं. सहाव्या दिवशी उत्तर आलं, ‘आमच्या नोंदीत दोन निवृत्त कर्नल आहेत. दोघेही बदलास तयार नाहीत. पैकी एकाचा गुडघा नुकताच बदलला आहे.’ हे पत्र मी फाईलला लावलं.

दुसरी बाब सोपी होती. ड्रायव्हर आमच्याकडे होता. घंटागाडीवरच्या दयानंदची मी तात्पुरती नेमणूक वॉर्ड सातच्या व्हॉल्व्हवर केली. आदेश घेऊन तो माझ्याकडे आला.

“भाऊसाहेब, मी तितं बसून काय चालवू?”

“मोटर.”

“बगून आलो की मी. तिला ना स्टेरिंग, ना बिरेक.”

“लायसन आहे ना तुझ्याकडे?”

“हाय की.”

“मग बस.”

तो व्हॉल्व्हशेजारच्या कडुलिंबाखाली खुर्ची टाकून बसू लागला. सकाळी गुरुबसप्पा येऊन दिवा पाहायचा, मग दोघं मिळून तंबाखू मळायचे. घंटागाडी उभी राहिल्याने गावात कचरा साठला, पण तो आरोग्य शाखेचा विषय होता. तेवढ्यात दुसरं पाणीही कोरडं गेलं. ज्यांच्या घरी बोअर होतं ते गप्प राहिले, ज्यांच्याकडे नव्हतं ते घागरी घेऊन वॉर्ड सहाकडे गेले. काहींनी टँकर मागितला. टँकरसाठी नळयोजना बंद असल्याचा दाखला लागतो. आमची योजना बंद नव्हती, ती अद्ययावत होत होती, त्यामुळे दाखला देता आला नाही.

गुरुबसप्पा साहेबांसमोर जाऊन उभा राहिला.

“सायेब, चावी द्या. पेटीखालचा दांडा तसाच हाय, म्या बगितला. अकरा आटे फिरवले की पाणी मोकळं. घरात लग्न हाय, सायेब.”

“चावी निर्लेखित आहे,” साहेब सहानुभूतीने म्हणाले. “जी वस्तू कागदावर नाही ती तुमच्या हातात कशी देणार? पण काळजी करू नका. लग्नाच्या आत कर्नल होईल. मी स्वतः समिती नेमतो आहे.”

समिती तिघांची होती. अध्यक्ष साहेब. सदस्य विरूपाक्षअप्पा, सातचे नगरसेवक, सिमेंट-सळईचे व्यापारी, कपाळाला ठसठशीत भस्म आणि घरी दोन बोअर. सचिव मी. स्वप्नालीने सगळे प्रश्न आमच्या कार्यालयातल्या संगणकावर उतरवून दिले होते आणि फोनवर म्हणाली होती, “सोपं आहे. प्रत्येक प्रश्नाला हो किंवा नाहीची कळ दाबायची. कुठे अडलं तर मदतीची पण कळ आहे. सगळं पडद्यावर लिहिलेलं आहे.”

पडद्यावर इंग्रजीत बरंच काही लिहिलेलं होतं. ते वाचायची गरज मला वाटली नाही. न्हाईला एन आणि हावला एच, हे कुणीही सांगेल. दोन्ही कळांना यंत्राने लगेच प्रतिसाद दिला, त्यामुळे शंका घ्यायला जागाच उरली नाही.

राजभाषेचा नियम असल्याने प्रत्येक प्रश्नाचं मी आधी मराठी करायचो, मग समिती विचार करायची.

“‘पहारेकरी कुत्रा हवा का?’”

“न्हाई!” अप्पा खुर्चीतून अर्धे उठले. “सातमधी हायत तीच लई हायत.”

मी एन दाबला.

“‘आत काही घोटाळा झाल्यास यंत्राने घाबरून थांबावे का?’”

“घोटाळा झाला म्हणून काम थांबवायचं?” साहेबांना हसू आलं. “असं कुठे असतं? नाही.”

“‘कॅन बस हवी का?’”

“बस? हाव, हाव, लिवा! आमच्याकडची सकाळची बस बंद होऊन दोन वर्सं झाली.”

मी एच दाबला. पडद्यावर लांबलचक इंग्रजी मजकूर उघडला. वरचं मला नीट उमगलं नाही, पण शेवटची ओळ स्पष्ट होती. मी ती मराठीत वाचून दाखवली, “‘आपणांस खात्री नसल्यास नाही म्हणावे.’”

“अप्पा, बस येईल याची तुम्हाला खात्री आहे?” साहेबांनी विचारलं.

“बसची खात्री कुणाला अस्ती का, सायेब?”

“मग नाही.”

मी एन दाबला. पुढच्या प्रश्नाला हाव, पुन्हा मजकूर, पुन्हा शेवटी तीच ओळ किंवा तिच्यासारखीच एखादी. आमचा प्रत्येक होकार त्या ओळीपाशी येऊन थांबायचा आणि समिती अधिक विचार करून नकार द्यायची. साहेब यंत्रावर फारच खूष झाले. “किती जबाबदार यंत्रणा आहे पाहा. खात्री नसल्यास नाही म्हणावे. आपण आयुष्यभर हेच करत आलो, फक्त कुणी इतक्या नेमक्या शब्दांत लिहून दिलं नव्हतं.” त्यांनी ते वाक्य मोठ्या अक्षरांत छापून, काच लावून सभागृहात टांगायला सांगितलं. ते अजून तिथे आहे.

आणखी एक सोय आमच्या लक्षात आली. एका मोठ्या प्रश्नाला नाही म्हटलं की त्याच्या पोटातले शेकडो प्रश्न आपोआप नाहीसे होत. नकारामुळे काम उरकतं, हे आम्हाला अनुभवाने ठाऊक होतं, पण इतकं उघडपणे कधी पाहिलं नव्हतं. पहिल्या दिवशी आम्ही तीस प्रश्न निकालात काढले, पाचव्या दिवशी दोन हजार.

नवव्या बैठकीत दिव्याचा प्रश्न आला. दिवा हवा का? गुरुबसप्पा तेव्हा चहाचे कप घेऊन आत आला होता. अप्पा हाव म्हणाले, मजकूर उघडला, खात्री कुणालाच नव्हती. दिवा गेला. मग मी पुढचा प्रश्न वाचला आणि माझा आवाज थोडा चढला.

“‘सामान्य उपयोगाची आवक-जावक हवी का?’”

आवक-जावकशिवाय कार्यालय असतं का? साहेब हाव म्हणाले, अप्पा हाव म्हणाले, मी सचिव असून हाव म्हणालो. मी मनापासून एच दाबला. मजकूर उघडला. खाली तीच ओळ.

“आवक-जावकची आपल्याला खात्री आहे,” मी म्हणालो.

“आपल्या आवक-जावकची आहे,” साहेब म्हणाले. “पण यंत्राची आवक-जावक म्हणजे नेमकं काय, याची लेखी खात्री देणार का तुम्ही? सही करणार?”

मी एन दाबला. त्या आवक-जावकच्या तारांतूनच मोटरला हुकूम जायचा होता, हे मला नंतर कळलं. हजारो प्रश्नांत आमच्या कामाचा मुख्य प्रश्न तो एकच होता, आणि तो आम्ही एकमताने फेटाळला.

अकराव्या बैठकीत प्रश्न संपले. मधल्या काळात तिसरं पाणीही कोरडं गेलं होतं. इतिवृत्त वाचून कायम झालं, साहेबांनी सही केली आणि स्वप्नालीला लेखी आदेश गेला की समितीच्या उत्तरांप्रमाणे कर्नल बांधून बसवावा. लग्न परवावर आलं होतं.

ती आली, उत्तरांची यादी उघडली आणि बराच वेळ खाली सरकवत राहिली.

“सर, सगळी उत्तरं नाही आहेत.”

“एकमताने,” साहेब म्हणाले.

“याच्यात कीबोर्ड नाही, पडदा नाही, व्हॉल्व्ह नाही. दिवा पण नाही.”

“सुरक्षित आहे ना?”

“अतिशय. त्याला काहीच करता येत नाही.” तिने यादी मिटली. “सगळ्याला नाही म्हणायचं असेल तर एका ओळीची आज्ञा आहे, सर. एका सेकंदात होतं. तुम्ही अकरा दिवस बसलात.”

“त्या एका सेकंदात विचारविनिमय नसतो,” साहेब म्हणाले आणि जिल्ह्याच्या बैठकीला निघून गेले.

बांधायला चार मिनिटं लागली. आत फारसं काही नव्हतंच. तिने तो कर्नल पेटीत चढवला आणि दिवा विझला. परत आल्यावर ती माझ्या टेबलाशी आली.

“काका, होसाठी तुम्ही कोणती कळ दाबत होता?”

“एच.”

“एच कामून?”

“हाव.”

ती आधी खळखळून हसली. मग तिचं लक्ष दाराकडे गेलं. तिथे गुरुबसप्पा लग्नपत्रिका घेऊन उभा होता, एक साहेबांना आणि एक मला द्यायला. ती हसायची थांबली आणि आवाज खाली आणून म्हणाली, “काका, एच म्हणजे मदत. होला वाय असतो. तुम्ही एकदाही हो म्हटलेलंच नाही. साहेबांना फोन करा, कळ चुकली म्हणून सांगा. मी इथंच बसते. दोन तासांत पाणी देते.”

मी विचार केला. कळ चुकली म्हटलं की अकरा बैठकांचं इतिवृत्त खोटं. इतिवृत्त खोटं तर त्याखालची साहेबांची सही खोटी. सही खोटी तर चौकशी, आणि चौकशीचा पहिला प्रश्न असणार की कळ कुणी दाबली. पदोन्नतीची यादी पुढच्या महिन्यात लागणार होती आणि माझं नाव दुसरं होतं. दुसऱ्या बाजूला दोन तास होते आणि दारात गुरुबसप्पा होता.

“इतिवृत्त कायम झालं आहे,” मी म्हणालो.

तिने पिशवी पाठीला लावली आणि गेली. गुरुबसप्पाने दोन्ही हातांनी पत्रिका दिली. “वैनीला, लेकरांना घेऊन या, भाऊसाहेब.” मला लाज वाटली. हे इथे लिहितो आहे, टिप्पणीत लिहिलं नव्हतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी सहाला गुरुबसप्पा माझ्या घरी आला. हाताला हळद होती, डोळे जागरणाने लाल. तो पायरीवर बसला नाही, उभाच राहिला.

“भाऊसाहेब, तासाभरासाठी चावी द्या. अकरा आटे उघडतो, अकरा आटे मिटतो, जागच्या जागी आणून ठेवतो. कुणाला कळणार बी न्हाई. उदगीरहून वऱ्हाड निगालंय.”

कपाटाची किल्ली माझ्या सदऱ्याच्या खिशात होती. मला तिचं वजन लागत होतं. कार्यालय घरापासून पाच मिनिटांवर. आत शिरायचं, कपाट उघडायचं. पण कुणी पाहिलं तर? निर्लेखित वस्तू मी कोणत्या नियमाने बाहेर काढली, असं कुणी विचारलं तर?

“गुरुबसप्पा,” मी म्हणालो, “मला खात्री न्हाई रे.”

त्याने माझ्या अंगणातल्या नळाकडे पाहिलं. मग म्हणाला, “तुमच्या तीन नंबरच्या वॉर्डाला चाकाचे सहा फेरे लागतेत. तुमचं घर शेवटचं, पाणी पोचत नव्हतं. म्हणून गेली बारा वर्सं म्या सातवा फेरा देतो. ते बी कागदावर न्हाई.”

एवढं बोलून तो गेला. मी तसाच दारात उभा राहिलो. नळाखालची बादली भरून वाहत होती, कारण त्या दिवशी आमच्या वॉर्डाचंही पाणी होतं.

मी लग्नाला गेलो. न जाणं बरं दिसलं नसतं. वऱ्हाड साडेदहाला उतरलं आणि मंडपाच्या दाराशी रिकामी पिंपं पाहून थबकलं. वॉर्ड सहाच्या बायांनी आणलेल्या घागरी तोपर्यंत संपत आल्या होत्या. स्वयंपाकी चुलाण्यापाशी हात बांधून बसले होते. वराचा मामा धुळीच्या पायांनी उभा होता. त्याने मोठ्याने विचारलं, “पोरीचा बाप करतो तरी काय?”

मग मागून कुणीतरी सांगितलं, “पाणी सोडतेत.”

वऱ्हाड हसलं. गुरुबसप्पासुद्धा हसला. तसं हसताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं आणि परत पाहायची माझी इच्छा नाही.

तेव्हा मंडपाच्या कडेला बसलेला दयानंद उठला. “मी डायव्हर हाय का न्हाई? मग डायव्हरच न्हाई म्हनून पाणी अडलंय, असं कसं म्हनता तुमी?” तो निघून गेला आणि पाऊण तासाने मेहुण्याचं ट्रॅक्टर घेऊन आला, मागे शेतातल्या विहिरीच्या पाण्याने भरलेली नऊ पिंपं. पाय धुतले गेले, चुली पेटल्या, अक्षता मुहूर्त टळल्यावर पडल्या. दामिनीने रडून घेतलं आणि मग हसली. गुरम्मा, म्हणजे गुरुबसप्पाची बायको, ट्रॅक्टरला कुंकू लावून आली. कार्यालयातर्फे आम्ही एक भिंतीवरचं घड्याळ दिलं.

सोमवारी अहवाल गेला. मसुदा माझाच होता. ‘ड्रायव्हरची नेमणूक केल्यानंतर वॉर्ड क्रमांक सातला पाणी पोचले. समितीचे निदान अचूक ठरले आहे.’ पेटीतल्या नव्या कर्नलला कुठलाही संदेश पाठवता येत नसल्याने बिघाडाचा एकही संदेश वर गेला नाही. शून्य तक्रारींमुळे आमच्या योजनेचा गौरव झाला. दयानंदला नेमणुकीची जागा विनापरवाना सोडल्याबद्दल नोटीस मिळाली. साहेब बढतीवर गेले. गावातले लोक म्हणतात, नगरपंचायतीने वॉर्ड सातवर पाणी सोडलं. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात काही चूक नाही.

माझी पदोन्नतीही झाली. त्याच महिन्यात आदेश आला की यशस्वी प्रयोग सर्व वॉर्डांत राबवावा, तोच कर्नल, काहीही न बदलता. सगळ्या व्हॉल्व्हची चाकं काढली. ती मी स्वतः निर्लेखित केली आणि कपाटात चावीशेजारी रचली. वॉर्ड तीनचं चाक सर्वांत वर आहे. गुरुबसप्पा सेवानिवृत्त झाला.

आमच्याकडे आता चार पाणी कोरडी गेली आहेत. परवा मी त्याच्या घरी गेलो. तो ओट्यावर बसला होता. मी त्याला पहिल्यांदाच अहो-जाहो केलं. “गुरुबसप्पा, तुम्ही काही करू शकाल का?”

“हात हायत, भाऊसाहेब,” तो म्हणाला. “चाक तुमच्यापाशी हाय.”

घरी आल्यावर मी एक अर्ज लिहिला. कपाट उघडावं, चाकं आणि चावी परत लावावी, व्हॉल्व्ह हाताने उघडावेत, बाकी काही नको. खाली सह्यांसाठी जागा सोडली आणि वॉर्डावॉर्डांत फिरलो. सगळ्यांनी अर्ज लक्षपूर्वक वाचला. बोअर असलेल्यांनी बोअरकडे पाहिलं, नोकरी असलेल्यांनी आपल्या साहेबांचा विचार केला, उरलेल्यांनी शेजाऱ्याने सही केली का ते विचारलं. सध्या अर्जावर एकच सही आहे, दयानंदची. माझी नाही, कारण मी अजून सेवेत आहे.

तुम्ही इथपर्यंत वाचलंत, मधे एक-दोनदा हसलातही. म्हणून अर्ज तुमच्यापुढे ठेवतो. दयानंदच्या सहीखाली भरपूर जागा आहे. घाई नाही, सावकाश विचार करा, तुमच्या घरी आज नळ आला का तेही आठवून पाहा. आणि खात्री नसल्यास काय म्हणायचं, ते तुम्हाला मी सांगायला नको.